किती पेपर झाले?

घरात मुलगी पीएच.डी. करू लागली की पाहुण्यांचा प्रश्न ठरलेला, ‘किती पेपर झाले?’ बेळगाव असो की वडोदऱ्याजवळचे वाघोडिया, ही मोजणी चुकत नाही.

या मोजणीतला नियम १९२६ मध्ये आल्फ्रेड लोटका यांनी दाखवला. ससे वाढले की कोल्हे वाढतात, कोल्हे वाढले की ससे घटतात. हे अरेषीय अवकल समीकरणांत मांडणारे तेच हे लोटका. रसायन व भौतिकशास्त्रातले लेखक त्यांनी मोजले. एकच पेपर लिहिणारे १००, तर दोन लिहिणारे सुमारे २५ आणि तीन लिहिणारे जेमतेम ११! म्हणजे साधारण ६० टक्के लेखकांच्या नावावर एकच पेपर.

तेव्हा लेकीचा आकडा लहान म्हणून हिणवू नका. पेपर कशावर आहे, ते विचारा. आजोबांना मराठीत सांगेल, अज्जींना कन्नडमध्ये.