विश्लेषण : ‘दोन मिनिटांत’ उभा राहणारा तंबू सह्याद्रीच्या वाऱ्यात टिकतो का?

मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत काजवे पाहण्यासाठी भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाचीकडे गर्दी लोटते. थंडीत हीच गर्दी पवना धरणाच्या काठावर असते. वाशी, खारघर, पनवेलमधून शुक्रवारी संध्याकाळी निघालेले कुटुंब रात्रीच्या जेवणापर्यंत पवनेला पोहोचते, आणि अंधारात, मुले पेंगुळलेली असताना तंबू उभारावा लागतो. त्यामुळेच ‘दोन मिनिटांत तयार’, ‘चार जणांसाठी’, ‘१०० टक्के वॉटरप्रूफ’ असे लिहिलेल्या तंबूंकडे हात जातो. ढोबळमानाने दीड-दोन हजारांपासून २५ हजारांपर्यंत हे तंबू मिळतात. या तिन्ही दाव्यांचा अर्थ काय आणि त्यातला कोणता तपासून घ्यायला हवा?

झटपट तंबू म्हणजे नेमके काय?

तीन प्रकार आहेत. पहिला ‘पॉप-अप’. यात लवचीक कडी कापडातच शिवलेली असते. पिशवीतून काढून सोडले की कडी उलगडते आणि तंबू आपोआप उभा राहतो. केश्वा या ब्रँडने २००५ मध्ये आणलेल्या ‘टू सेकंड्स’ तंबूने हा प्रकार लोकप्रिय केला. दुसरा छत्रीसारखा : काठ्या आधीच सांध्यांना जोडलेल्या असतात, त्या ताणल्या किंवा वरची दोरी ओढली की सांगाडा उघडतो. तिसरा हवा भरायचा, पंप घेऊन. तो वजनाने आणि किमतीनेही जड असतो.

या तिघांसमोर जुना प्रकार म्हणजे तुकड्यातुकड्यांच्या, आतून इलॅस्टिक ओवलेल्या दोन-तीन काठ्या कापडाच्या बाहीतून सरकवून उभारायचा घुमटाकार तंबू. त्याला नवख्या माणसाला वीसेक मिनिटे लागतात, सरावाने दहा. म्हणजे ‘झटपट’च्या नावाखाली प्रत्यक्षात वाचतात ती आठ-दहा मिनिटे.

मग त्यात अडचण कोणती?

उभारायला दोन मिनिटे लागतात, पण आवरायला किती, हे खोक्यावर लिहिलेले नसते. पॉप-अपची कडी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी पिळून पुन्हा चकतीत बसवावी लागते. चुकीच्या दिशेने पीळ बसला की कडी मोडते. चकतीचा व्यास पाऊण मीटरच्या आसपास असतो, त्यामुळे छोट्या गाडीच्या डिकीत सामानासोबत तिला जागा करणे हीच एक कसरत असते.

टिकाऊपणाचा खरा प्रश्न मात्र दुरुस्तीचा आहे. साध्या तंबूची काठी मोडली तर मोडलेल्या जागी धातूची नळी सरकवून, वरून चिकटपट्टी गुंडाळून रात्र काढता येते. दुसऱ्या दिवशी तेवढा तुकडा बदलता येतो. छत्रीच्या प्रकारात प्लास्टिकचा सांधा तुटला तर सांगाड्याची एक बाजू बसते, आणि नेमका तोच सांधा सुटा विकत मिळाला नाही तर पूर्ण तंबू भंगारात जातो. म्हणून विकत घेण्यापूर्वी ‘किती सेकंदांत उभा राहतो’ यापेक्षा ‘काठी आणि सांधा सुटा मिळतो का’ हे विचारलेले बरे.

वेग कामाचा नाही असेही नाही. पावसाची सर येत असताना तो फार कामाचा असतो. पण तिथे मिनिटांपेक्षा क्रम महत्त्वाचा. अनेक तंबूंत आधी आतली जाळीदार खोली उभी करायची आणि मग तिच्यावर बाहेरचे पाणीरोधक कापड टाकायचे, अशी रचना असते. तेवढ्या वेळात झोपायची जागा भिजते. बाहेरचे कापड आधी, किंवा दोन्ही एकत्र उभे राहणारा तंबू पाच मिनिटे जास्त घेत असेल तरी कोकण-सह्याद्रीसाठी तोच योग्य.

वाऱ्याचे गणित कसे?

तंबूची परीक्षा पाऊस घेतो असे वाटते, पण तंबू पडतो तो वाऱ्याने. काजव्यांचा हंगाम आणि वळवाच्या पावसाचा हंगाम एकच. १३ मे २०२४ रोजी संध्याकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबईत धुळीचे वादळ उठले आणि घाटकोपरचे महाकाय जाहिरात फलक कोसळून १७ जणांचा बळी गेला.  वळवाचा वारा असाच येतो.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ५० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब प्रति चौरस मीटर साधारण १२ किलो वजनाइतका असतो. ७० किलोमीटरला तो २३ किलोच्या घरात जातो. वेग ४० टक्क्यांनी वाढला, जोर जवळपास दुप्पट झाला. चार जणांच्या तंबूची एक बाजू अंदाजे चार चौरस मीटर धरली तर दुसऱ्या स्थितीत त्या कापडावर ९० किलोंचा रेटा येतो. आत सरळ उभे राहता यावे म्हणून सहा फूट उंचीचा, उभ्या भिंतींचा तंबू घेतला तर हा रेटा आणखी वाढतो. बुटका, उतरत्या बाजूंचा घुमट वाऱ्याला वाट देतो.

हा रेटा शेवटी काठ्या, दोऱ्या आणि खुंट्यांवर येतो. स्वस्त तंबूतील बारीक फायबरग्लासची काठी वाकते आणि मग उभी चिरते. तिच्या कुसळ्या हातात घुसतात ते वेगळेच. जाड फायबरग्लास चालते, ॲल्युमिनियम मिश्रधातूची काठी त्याहून बरी. ती हलकी असते आणि मोडण्याआधी वाकून सूचना देते. खुंट्यांची गोष्ट तर अगदी दुर्लक्षित. तंबूसोबत येणाऱ्या तारेच्या खुंट्या लुसलुशीत हिरवळीसाठी असतात. मुरमाड जमिनीत त्या वाकतात आणि कातळावर शिरतच नाहीत. लोखंडी जाड खुंट्या वेगळ्या घ्याव्या लागतात. त्यांना शे-दोनशे रुपये लागतील. कातळावर दोरी मोठ्या दगडाला बांधणे हाच मार्ग. ‘आज वारा नाही’ म्हणून बाजूच्या दोऱ्या न बांधता झोपणे ही सर्वांत सामान्य चूक.

‘वॉटरप्रूफ’ म्हणजे किती?

१०० टक्के वॉटरप्रूफ या शब्दांना काही अर्थ नाही. अर्थ आहे तो मिलिमीटरमध्ये दिलेल्या आकड्याला. कापडावर पाण्याचा स्तंभ उभा करतात आणि किती उंचीला पाणी पलीकडे झिरपू लागते ते मोजतात. १५०० मिमी म्हणजे दीड मीटर पाण्याचा दाब सोसणारे कापड. बाहेरच्या आवरणासाठी त्यापेक्षा कमी नको. तळाच्या कापडाला मात्र याहून कितीतरी जास्त हवे. ६० किलो वजनाची व्यक्ती गुडघ्यांवर बसली आणि प्रत्येक गुडघ्याखाली ५० चौरस सेंटिमीटर जागा असेल, तर कडक जमिनीवर तो दाब सहा मीटर पाण्याच्या स्तंभाइतका होतो. म्हणून तळ किमान ३००० मिमीचा असावा आणि खाली वेगळी ताडपत्री असावी. ताडपत्री तंबूच्या कडेबाहेर डोकावू देऊ नये, नाहीतर तीच पाणी गोळा करून आत पोहोचवते. शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का, हेही पाहावे; गळती बहुधा तिथूनच सुरू होते.

सकाळी आतून ओला झालेला प्रत्येक तंबू गळका असतो असे नाही. चौघांच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात पाऊण ते एक लिटर बाष्प बाहेर पडते. एकेरी कापडाच्या तंबूत ते थंड कापडावर जमून अंगावर टपकते. स्वस्त पॉप-अप बहुतेक एकेरीच असतात. आत जाळी, बाहेर आवरण आणि मध्ये हात-अर्धा हात मोकळी जागा अशा दुहेरी तंबूत हे पाणी बाहेरच्या कापडावरून खाली ओघळते.

चार जणांचा तंबू चौघांना पुरतो?

चौघांना खेटून झोपण्यापुरता. खोक्यावरचा हिशेब माणशी जेमतेम ६० सेंटिमीटर रुंदीचा असतो, म्हणजे रेल्वेच्या बर्थइतका. त्यात बॅगा, चपला, पाण्याचे कॅन मोजलेले नसतात. दोन मोठी माणसे आणि दोन लहान मुलांना चारचा तंबू चालतो. मुले दहा-बारा वर्षांची झाली की पाच-सहाचा लागतो. आजी-आजोबा सोबत असतील तर एका मोठ्या तंबूपेक्षा दोन लहान बरे. वारा कमी अडतो, रात्री उठणाऱ्यांमुळे सगळ्यांची झोप मोडत नाही.

नवी मुंबईच्या घरात तंबू खराब का होतो?

अनेक तंबू डोंगरात फाटण्याआधी माळ्यावरच संपतात. कापडाला पाणीरोधक करणारा पॉलीयुरेथेनचा थर दमटपणात हळूहळू विघटित होतो. आधी आंबूस वास येतो, मग कापड चिकट होते, शेवटी पापुद्रे सुटतात. पावसाळ्यात खाडीकाठच्या शहरात हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते, त्यामुळे ओलसर तंबू पिशवीत कोंबून ठेवला तर दोन पावसाळ्यांतही हा प्रकार होऊ शकतो. परतल्यावर त्याच दिवशी बाल्कनीत सावलीत वाळवणे आणि मूळ घट्ट पिशवीऐवजी जुन्या सुती अभ्ऱ्यात सैल ठेवणे, एवढ्याने त्याचे आयुष्य वाढते. कडक उन्हात मात्र तासन् तास ठेवू नये. कापडात पर्याय असेल तर गाडीने जाणाऱ्या कुटुंबासाठी नायलॉनपेक्षा पॉलिएस्टर बरे. ते ओले झाल्यावर सैल पडत नाही आणि उन्हालाही जास्त टिकते.

पहिली उभारणी डोंगरात न करता सोसायटीच्या गच्चीवर करावी. सचिवांची परवानगी मिळवणे हे तंबू उभारण्यापेक्षा अवघड ठरू शकते, पण पाइपने पाणी मारून शिवणी तपासायला दुसरी जागा नाही. गळका निघाला तर परत करण्याची मुदतही तेव्हा शिल्लक असते.

मग कोणता घ्यावा?

वर्षातून एखाददुसऱ्या वेळी, तेही डिसेंबर-जानेवारीत पवनेला जाणाऱ्यांना विकत घेण्याची गरजच नाही, भाड्याचा पुरतो. फक्त तिथले तंबू हंगामभर उन्हात उभे असतात, त्यामुळे कापड बोटांनी ताणून आणि दोऱ्या ओढून पाहाव्यात. तीन-चारदा जाणाऱ्यांनी दुहेरी कापडाचा, पट्टी मारलेल्या शिवणींचा, सुटे भाग मिळणारा साधा घुमट घ्यावा. छत्रीचा प्रकारही चालेल, सांधे धातूचे किंवा जाड नायलॉनचे असतील तर. स्वस्त पॉप-अप हा दुपारी मुलांना सावलीत झोपवण्यासाठी उत्तम. त्यात मे महिन्याची रात्र काढू नये.

कोणताही तंबू कशापासून वाचवू शकत नाही?

विजेपासून. गडगडाट सुरू झाला की तंबू सोडून बंद गाडीत किंवा पक्क्या घरात जाणे हाच उपाय. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजांची सूचना देते, पण दरीत नेटवर्क मिळेलच असे नाही.

धुरापासूनही नाही. थंडीत शेगडी किंवा विझत आलेले निखारे तंबूत घेणे जीवघेणे आहे, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे रिसॉर्टच्या बंद खोलीत गॅस हीटर लावून झोपलेले केरळचे आठ पर्यटक दगावले, त्यांत चार मुले होती. तंबूची जागा खोलीपेक्षा किती तरी लहान. शिवाय पॉलिएस्टर ठिणगीने वितळते, त्यामुळे शेकोटी वाऱ्याच्या दिशेचा अंदाज घेऊन लांबच हवी.

आणि जागेच्या निवडीपासून तर नाहीच. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, २७ मृतदेह सापडले आणि ५७ जण बेपत्ताच राहिले. तिथे घरेच्या घरे गाडली गेली. पावसाळ्यात डोंगरउताराच्या पायथ्याशी किंवा ओढ्याच्या पात्रालगत तंबू ठोकण्याला कोणत्याही कंपनीचा आकडा उपयोगी पडत नाही. लोहगड, विसापूरसारख्या केंद्रीय संरक्षित गडांवर सूर्यास्तानंतर थांबताच येत नाही. भंडारदऱ्याचा बराच परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येत असल्याने तिथे तंबू कुठे लावायचा, हे आधी वनविभागाला विचारावे लागते.