तांदूळ भीत नाही

१ जून २०२४. शेवटच्या टप्प्याचं मतदान संपलं न संपलं तोच चॅनेलवाल्या भटजींनी पंचांग उघडलं. बहुतेकांनी भाजपच्या आघाडीला साडेतीनशेपार नेलं, काहींनी थेट चारशेला टेकवलं. ३ जूनला शेअरबाजार नाचला. ४ जूनला मतमोजणी झाली. आघाडी २९३, भाजप २४०. बाजार आपटला, एक पोलवाला कॅमेऱ्यासमोर रडला. आपलं काय बुडालं नाही दोस्तांनो, आपलं तिथं नव्हतंच काय. महाराष्ट्रात ४८ पैकी महायुतीला १७. नोव्हेंबरात विधानसभेला उलटं. बहुतेकांनी दोनशेच्या आत ठेवलेल्या महायुतीचे तीन पक्षच २३० वर गेले.

सॅम्पल चुकलं म्हणतात. आम्ही मुंबईच्या गोदीतले हमाल, सॅम्पल आम्हाला शिकवू नका. पोत्यात पोकळ सळई खुपसायची, मूठभर तांदूळ काढायचा, अख्ख्या मालाचा भाव करायचा. जमतं. कारण तांदूळ भीत नाही. तांदळाला संध्याकाळी पाटलाच्या बांधावरनं घरी जायचं नसतं.

आता आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात या. हातकणंगल्याकडची बौद्धवाड्यातली म्हातारी बोटाला शाई लावून शाळेतनं बाहेर पडते. समोर टॅबवाला पोरगा. "मावशी, कुणाला दिलं?" पलीकडं झाडाखाली पाटलाचा पुतण्या गाडीला टेकून उभा. ती काय सांगणार? पुतण्याला पाहिजे ते नाव. तुमचा कॉम्प्युटर ते खरं धरतो! काही शहाणे खोटी मतपत्रिका नि डबा देतात. बरं आहे. पण डबा घेऊन आलेला कुणाचा माणूस, हे म्हातारीला कोण सांगणार? वर जात विचारायची, आणि रात्री टीव्हीवर 'दलित मतं कुठं गेली?' म्हणून आमची पोती मोजायची.

याच तालुक्यातल्या माणगावात १९२० साली शाहू महाराज बाबासाहेबांच्या शेजारी बसले. त्याच्या आदल्या वर्षी बाबासाहेबांनी साउथबरो समितीपुढं अस्पृश्यांसाठी मताचा हक्क मागितला होता. तो मिळाला, आणि गुप्त मिळाला. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ९४ सांगतं, कुणाला मत दिलं हे सांगायची सक्ती कुणावरही करता येत नाही. कोर्टाला जे विचारता येत नाही ते टॅबवाला भर रस्त्यात विचारतो.

आणि पोलवाल्यापेक्षा मोठा चोर मोजणीत बसलाय. यंत्रावर केंद्रवार आकडे निघतात, फॉर्म २० वर छापले जातात. वाड्याचं केंद्र वेगळं असलं की वाड्यानं कुणाला पाडलं ते गावाला दुसऱ्या दिवशी पाठ. मग पाण्याची लाईन कुणाची तुटते? कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा केंद्राकेंद्रांच्या मिसळून मोजायची सोय होती. टोटलायझर नावाचं यंत्र १४ केंद्रांपर्यंतची मतं एकत्र करून मोजू शकतं. निवडणूक आयोगानं २००८ सालीच ते सुचवलं. सरकारनं नको म्हटलं. का नको, ते झाडाखालच्या पुतण्याला विचारा.

तेव्हा कलेक्टर कचेरीवर मोर्चा न्यायचा तर टोटलायझरसाठी न्या. टॅबवाल्या पोराला मारू नका, तोही बहुधा हजेरीवर आलेला आपल्यासारखाच बेकार. पाणी पाजा त्याला. नाव सांगू नका. फारच गळ्यात पडला तर उलटं सांगा.