चाक स्वतः बदलायचं की मेकॅनिककडे टाकायचं?

मंडळी, आम्हा आयटीवाल्यांना एक खोड असते. कुठलंही काम दिसलं की तासाचा रेट काढायचा. "माझा एक तास इतक्या रुपयांचा, मेकॅनिक घेतो दोनशे, मग मी कशाला हात काळे करू?" गणित दिसायला एकदम बिनतोड. पण रविवारी सकाळी अकरा वाजता तुमच्या तासाचे पैसे देतंय कोण? त्या तासात आपण फार तर तिसरा चहा पिणार आणि मोबाईलवर बोट फिरवणार.

दुसऱ्या बाजूलाही शूरवीर आहेतच. बारा मिनिटांचा एक व्हिडिओ बघितला की लगेच पान्यांचा सेट ऑर्डर. "त्यात काय, चार नट तर आहेत!" माझ्या मते दोघंही चुकीचा प्रश्न विचारतात.

विषय निघाला तो आमच्या घरच्या जुन्या पल्सरमुळे. (२००१ मध्ये पल्सर पहिल्यांदा आली तेव्हा तिला स्पोकची चाकं होती, ही त्यातलीच.) शहरातल्या खड्ड्यांनी मागची रिंग इतकी वाकवली की बदलण्यावाचून इलाज नव्हता. आणि गाव म्हणजे छत्रपती संभाजीनगर, २०२३ पर्यंतचं औरंगाबाद. इथे गाडीबद्दलच्या सल्ल्याला तोटा नाही. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. ब्रेक आणि शॉकअब बनवणारी एन्ड्युरन्स इथलीच, व्हॅरॉकही इथलीच, शिवाय त्यांना माल पुरवणारी छोटी वर्कशॉप्स वेगळी. त्यामुळे आमच्या गल्लीतही लाईनवर आयुष्य काढलेले एक काका आहेत. मी पाना हातात घेतलेला बघून म्हणाले, "अरे बाळा, लाईनवर आमच्याकडे टॉर्क सेट केलेली गन असते. तिथे अंदाज चालत नाही. तुझ्या अंगणात आहे का तशी गन?"

काकांचं बोलणं झोंबलं, पण मुद्दा बरोबर होता. माझी डिग्री मेकॅनिकलची, पोट भरतो कोडवर. म्हणून मी हा प्रश्न कोडसारखाच बघतो. "मला जमेल का?" हा प्रश्न सोडून द्या. "माझं चुकलं तर ते मला कधी कळेल?" हे विचारा.

मागचं चाक काढणं आणि लावणं घ्या. गाडी मेन स्टँडवर, एक्सलचा नट, ब्रेकचा रॉड, ब्रेक प्लेटला धरून ठेवणारा टॉर्क रॉड, चेन. काढताना प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्या, बुश ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने जुन्या पेपरवर मांडा. चाक उतरलंच आहे तर आतले रबर डॅम्परही बघून घ्या. लावल्यावर चेनच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत का, चेनला कंपनीच्या पुस्तकात दिलाय तेवढा ढील आहे का, चाक हाताने मोकळं फिरतं का, ब्रेक दाबल्यावर जागच्या जागी थांबतं का, हे सगळं अंगणातच कळतं. टॉर्क रॉड मात्र दोनदा बघा. तो राहिला तर ब्रेक मारल्याबरोबर आख्खी ब्रेक प्लेटच फिरायला बघते आणि चाक जाम होऊ शकतं. पण तोही डोळ्यांना दिसतो. म्हणून हे काम स्वतः करा, बिनधास्त.

बेअरिंगचं नेमकं उलटं. काम सोपं वाटतं: जुनं ठोकून काढा, नवं ठोकून बसवा. पण ठोका बाहेरच्या कड्यावर बसायच्या ऐवजी आतल्या कड्यावर बसला तर तो गोळ्यांमधून जातो आणि कड्यावर बारीक खळगे पडतात. दोन बेअरिंगच्या मधला बुश विसरला तर एक्सल आवळताना सगळा दाब बेअरिंगवर येतो. आणि गंमत म्हणजे त्या दिवशी चाक छान फिरतं! कुरकुर सुरू होते काही महिन्यांनी, जालना रोडवर, मागे आई बसलेली असताना. असा बग मला प्रॉडक्शनमध्ये नको. इथे पैसे मोजा.

आता नवी रिंग स्पोकवर बांधणं. माझं सगळ्यात आवडतं प्रकरण. यात चूक लगेच दिसते, चाक फिरवलं की रिंग डुलते. म्हणजे माझ्या नियमाने हे घरी करायला हरकत नसावी. पण करून बघा! एक स्पोक ताणला की रिंग त्या बाजूला ओढली जाते, शेजारच्या स्पोकांचा ताण बदलतो, आणि समोरच्या बाजूचंही गणित हलतं. छत्तीस अज्ञात संख्या, सगळ्या एकमेकींत अडकलेल्या. आमचा मेकॅनिक चाक फिरवत रिंगजवळ खडू धरतो, जिथे खडू लागेल तिथे खूण. मग पान्याने एकेक स्पोक हलकेच वाजवतो आणि मान तिरकी करून ऐकतो. "सुनो भाई, ये ढीला बोलरा." मला त्या दोन आवाजांतला फरक चौथ्या वेळी कळला, त्याला न बघता कळतो. अर्ध्या तासात आऊट निघाला. त्या अर्ध्या तासाचे तो जे पैसे मागेल त्यात पन्नास रुपयांची घासाघीस करणाऱ्यांनी आपला अप्रायझलचा फॉर्म आठवावा.

ॲलॉयवाल्यांना एकच सांगणं: वाकलेला ॲलॉय तापवून सरळ करून देणारे भेटतील, नका करू. आतली चीर दिसत नाही. नवं घ्या, आयएसआयचा शिक्का बघून घ्या. ट्यूबलेस टायर रिंगवर चढवायचं काम मशीनवाल्याकडेच द्या, घरच्या पट्ट्यांनी कड खरवडली तर हवा धरत नाही.

आता कोणी म्हणेल, सगळंच मेकॅनिककडे देऊन मोकळे का होऊ नये? रॉबर्ट पिर्सिगच्या १९७४ सालच्या 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेंटेनन्स'मध्ये याचं उत्तर आहे. त्याच्या गाडीची मेकॅनिक लोकांनी पार वाट लावली होती, आणि मूळ बिघाड निघाला पंचवीस सेंटच्या एका पिनचा. ते लोक अडाणी नव्हते, त्यांचं लक्ष नव्हतं. आमचा माणूस तसा नाही, पण शनिवारी संध्याकाळी त्याच्या दुकानासमोर दहा गाड्या उभ्या असतात. तेव्हा पैसे देऊन आलात तरी घरी चाक फिरवून बघणं, नट तपासणं तुमच्याकडेच राहतं. आणि काय तपासायचं हे ज्याने एकदा तरी चाक उतरवलंय त्यालाच कळतं.

बाकी पान्यांचा सेट मी घेतलाय. टॉर्क रेंच मात्र तिघा मित्रांत मिळून एक, सध्या सिडकोत एन-सातला पडून आहे. कुणाला हवा असेल तर सांगा, पण रविवार सोडून.