निवासी डॉक्टरांची ग्लानी

छत्तीस तास जागलेला निवासी डॉक्टर रुग्णाला खाटेच्या क्रमांकाने हाक मारू लागला, की त्यास उद्धट म्हणून आपण मोकळे होतो. वस्तुतः ती धोक्याची खूण होय. कामाच्या अनावर ताणातून येणाऱ्या या ग्लानीची जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तीन लक्षणे सांगितली: गळून जाणे, कामाचा उबग, कर्तृत्वाचा ऱ्हास. तिने यास रोग न म्हणता व्यवसायजन्य अवस्था म्हटले. म्हणजे उपचार हवा तो कामाच्या रचनेवर. सलग काम सामान्यतः बारा तासांहून अधिक नसावे, असे केंद्र सरकारच्या निवासी डॉक्टर योजनेने १९९२ सालीच ठरविले. डॉक्टर जागतो, नियम मात्र फायलीत सुखाने निजला आहे! योगशिबिरे भरविणाऱ्या रुग्णालय-चालकांनी आधी पाळ्यांचे तक्ते जाहीर करावेत, अशी आमची मागणी आहे.