पारला भोपळा!

गोल्फ म्हणजे कमीत कमी फटके, हे समीकरण ऑस्ट्रेलियातल्या एएनझेड चॅम्पियनशिपने मोडलं. २००२ ते २००४, तीनच वर्षं. ईगलला ५ गुण, बर्डीला २, पारला शून्य, बोगीला उणे १, त्याहून वाईट काहीही झालं तरी उणे ३.

'हा खरा गोल्फ नव्हे' म्हणणाऱ्यांनो, जरा हिशेब करा की! एक बर्डी, एक बोगी: नेहमीच्या पद्धतीत बाकी शून्य, इथे एक गुण शिल्लक. आणि अठराही होल जपून पार खेळलात तर पदरी भोपळा. म्हणजे चुकीला दंड होताच, फक्त भित्रेपणाला बक्षीस नव्हतं.

आपल्याकडे मुलांना 'मार्क जाऊ देऊ नकोस' एवढंच शिकवतात. असो. स्पर्धा बंद पडली, हिशेब मात्र बरोबर होता.