वायरमनला परमिट विचारायला लाज कसली?



आज पिकाचं नाही, गोठ्यातल्या वायरचं लिहितोय.

मागच्या पावसाळ्यात माझी दुसऱ्या वेताची म्हैस करंट लागून गेली. कडबाकुट्टीची वायर पत्र्याखाली खिळ्याला बांधलेली. घासून घासून ती उघडी पडली, रात्रभर पाऊस झाला आणि ओल्या पत्र्यातून, लोखंडी खांबातून करंट दावणीच्या साखळीत उतरला. तडफड ऐकून मी पळालो. कारभारीण ओरडली, "आधी मेन पाडा!" म्हणून मी आज हे लिहायला आहे.

ती वायर गावातल्याच एका पोरानं टाकली होती, दोनशे रुपये आणि चहावर. त्याला दोष देऊन मोकळं होता येईल, पण बोलावलं मी. बियाण्याची पिशवी घेताना आपण लॉट नंबर बघतो, पक्कं बिल मागतो. त्याला मात्र "परमिट आहे का?" एवढं विचारलं नाही. घराच्या कनेक्शनच्या टेस्ट रिपोर्टचंही तेच. सही-शिक्का होता, सही करणारा घरी आलाच नव्हता. काम लवकर झालं म्हणून मी खूश!

नियम काय म्हणतो? बल्ब, पंखा, फ्यूज, बटण जसंच्या तसं बदलायचं तर घरच्या माणसानं बदललं तरी चालतं. पण नवीन वायरिंग, गोठ्यापर्यंत लाइन वाढवणं, असलं काम सरकारी परवाना असलेल्या विद्युत ठेकेदारामार्फतच करायचं. हात लावणाऱ्याकडं वायरमनचं परमिट पाहिजे आणि देखरेखीला सुपरवायझर. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत हे लिहिलेलं आहे. आणि महावितरणची जबाबदारी मीटरपर्यंत. मीटरच्या पुढं जे काय आहे ते आपलं.

बरेच जण म्हणतात, "आपल्याकडं एमसीबी हाय की." माझ्याकडंही होता, पडला नाही. एमसीबी लोड वाढला किंवा शॉर्ट झाला तर पडतो, तो वायर वाचवतो. माणसाच्या अंगातून जाणारा करंट त्याच्या मानानं लई थोडा असतो, पण जीव घ्यायला तेवढा पुरतो. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. बसवला की महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबून बघा.

दुसरं अर्थिंग. काही जण न्यूट्रललाच अर्थ जोडून देतात. न्यूट्रल तुटला की मशीनच्या अंगावरच करंट येतो. आपल्या काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात, खड्डा कोरडा पडला की अर्थिंग नावालाच राहतं. त्यात अधूनमधून पाणी घाला आणि पावसाळ्याआधी ते तपासून घ्या.

आता कुणी म्हणेल, वस्तीवर एका गोठ्यासाठी ठेकेदार कोण येतो? आला तरी पैसे जास्त घेतो. अडचण खरी आहे. त्यावर माझं मत असं की आठ-दहा घरांनी मिळून एकदाच बोलवा, एका फेरीत सगळ्यांचं काम होतं. आणि आयटीआयला दोन वर्षांचा वायरमन किंवा इलेक्ट्रिशियन ट्रेड केलेली पोरं आपल्या गावोगावी सापडतील. त्यांना म्हणावं, बाबा, परमिट काढ, ठेकेदाराच्या हाताखाली लाग, गावचं काम तुलाच. पोराला रोजगार, आपल्याला जीवाची खात्री.

परमिट विचारलं म्हणजे अविश्वास दाखवला असं नाही. ज्याच्याकडं आहे तो उलट अभिमानानं दाखवतो. बघताना मुदत बघा, आणि टेस्ट रिपोर्ट द्यायचा तर आधी घर तपासायला लावा.

म्हैस परत घेता येईल, कर्ज काढून का होईना. त्या सकाळी धार काढायला आई बसली असती तर?

आज घरी गेल्यावर गोठ्यातली वायर एकदा डोळ्यांनी बघा. हात लावू नका, आधी मेन पाडा.