तोंड उघड बघू!

गेल्या महिन्यातली गोष्ट. ऑफिसमधून सुटल्यावर पनवेल स्टेशनबाहेर आम्ही नेहमीप्रमाणे वडापाव खायला उभे होतो. मी चार घासांत माझा संपवला. माझा मित्र मात्र वडा दाबून, पार चपटा करून, कडेकडेने कुरतडत होता. म्हटलं, "काय रे, डाएट वगैरे?" तर म्हणाला, "नाही रे, हल्ली तोंडच उघडत नाही नीट. आणि तिखट तर अजिबात झेपत नाही."

दातांच्या डॉक्टरांनी त्याला स्वतःचीच तीन बोटं, एकावर एक धरून, तोंडात घालायला लावली. दोनच मावली! निदान झालं, ओरल सबम्यूकस फायब्रोसिस. म्हणजे तोंडाच्या अस्तराखालचा मऊ थर हळूहळू कडक होणं. कारण? रोज जेवणानंतरची सुपारी. "पण मी तंबाखूला कधी हातही लावलेला नाही," हे त्याचं पालुपद. आणि माझी टरकली, कारण त्याच्या ड्रॉवरमधल्या निम्म्या पुड्या मी संपवल्या होत्या.

मग मी खोदकाम सुरू केलं आणि पोचलो थेट इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपपाशी!

शाळेच्या प्रयोगशाळेतला मायक्रोस्कोप आठवतोय? तो प्रकाशावर चालतो. त्यामुळे साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेल्या दोन गोष्टी त्याला एकच वाटतात. १९३१ साली बर्लिनमध्ये एर्न्स्ट रुस्का आणि माक्स नॉल यांनी प्रकाशाच्या जागी इलेक्ट्रॉनचा झोत आणि काचेच्या भिंगांच्या जागी चुंबकीय भिंगं वापरून पाहिली. त्यातूनच पुढे विषाणू आणि पेशींच्या पोटातले कारभार दिसायला लागले. रुस्कांना नोबेल मिळालं, पण १९८६ मध्ये. आपलं प्रमोशन एक वर्ष लांबलं की आपण राजीनाम्याचा मेल टाइप करायला बसतो!

या यंत्राचे नखरेही भरपूर. आत हवा चालत नाही. पेशी रसायनात थिजवायच्या, राळेत घट्ट बसवायच्या, मग काचेच्या किंवा हिऱ्याच्या सुरीने केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढा पातळ काप काढायचा. फोटो येतो तो ब्लॅक अँड व्हाइट. कोरोनाच्या काळात पाहिलेले ते लाल-हिरवे विषाणू नंतर रंगवलेले. पुण्याच्या एनआयव्हीने २०२० मध्ये टिपलेलं त्याचं पहिलं भारतीय छायाचित्र कृष्णधवलच होतं.

आता मित्राच्या तोंडाकडे येऊ. त्याच्या आजाराकडे या यंत्रातून पाहणाऱ्या सुरुवातीच्या मंडळींत होत्या मुंबईच्या डॉ. सत्यवती सिरसाट. परळला १९५२ साली इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झालं, डॉ. वसंत खानोलकर त्याचे संचालक. तिथली इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची प्रयोगशाळा सिरसाटबाईंनी उभी केली. या आजारावरचा दोघांचा अभ्यास १९५७ साली छापून आला. आपल्याकडे इतक्या लोकांची तोंडं मिटत चालली होती, त्यामागे नेमकं काय चाललंय, हा प्रश्न होता.

तेव्हा संशय होता मिरचीवर! १९६० साली त्यांनी खास आहारावर ठेवलेल्या उंदरांच्या टाळूला कॅप्सेसिन, म्हणजे मिरचीतला तिखटपणा, लावून केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. मला हा भाग फार आवडला. फोटो कितीही बारकाईने काढला, तरी 'काय झालं' तेच दाखवतो. 'का झालं' ते शोधायला आणखी कित्येक वर्षं आणि कित्येक माणसं लागतात. खरा गुन्हेगार सुपारी, हे पुढे पक्कं होत गेलं. सुपारीतलं ॲरिकोलिन पेशींना कोलॅजनचे तंतू बनवायला डिवचतं, तिच्यातलं तांबं ते तंतू एकमेकांना घट्ट बांधणाऱ्या एन्झाइमला जोर देतं. मग शरीराला ते मोडता येत नाहीत. काहींच्या बाबतीत पुढे कॅन्सरही होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४ साली तंबाखूशिवायची नुसती सुपारीही कॅन्सरकारक ठरवली. म्हणजे 'मी फक्त सुपारी खातो' हा बचाव तेव्हाच निकाली निघाला!

आणि गंमत म्हणजे परळची ती संस्था २००२ मध्ये आली कुठे, तर खारघरला, आमच्याच पनवेल तालुक्यात. आजचं ॲक्ट्रेक ते हेच. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप तिथेही आहे. आम्ही रोज लोकलने खारघर स्टेशनवरून जातो. सुपारी चघळत!

म्हणजे, जात होतो. मित्राने सुपारी सोडलीय. सकाळ-संध्याकाळ आइस्क्रीमच्या काड्यांची चळत दातांत धरून तोंडाचा व्यायाम करतो, दर आठवड्याला एक काडी वाढवायचा प्रयत्न. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, आजार पुढे जाणं थांबवता येईल, पण घट्ट झालेलं सगळं पूर्वीसारखं मऊ होईलच असं नाही.

मीही परवा ऑफिसच्या वॉशरूममध्ये, कुणी बघत नाहीसं पाहून, आरशासमोर तीन बोटं तोंडात घातली. मावली. हुश्श! मागे वळलो तर बॉस उभे. त्यांना सगळी कथा सांगितली. त्यांनी शांतपणे खिशातली पुडी काढून डस्टबिनमध्ये टाकली आणि म्हणाले, "जरा बाहेर थांब."